बाई, गोल फिरतंय!

५ सप्टेंबरला शिक्षकांना एक गुलाबाचं फूल मिळतं आणि एक सूचना मिळते. २०१४ साली सूचना अशी होती, की दुपारी पंतप्रधान देशभरातल्या मुलांशी बोलणार आहेत, ते सगळ्या शाळांनी थेट दाखवावं. साताऱ्याकडच्या डोंगरी भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेने त्यासाठी सरपंचांच्या घरचा टीव्ही, पोलीस पाटलांच्या घरची छत्री आणि मंडपवाल्याचा जनरेटर आणला. जनरेटरच्या आवाजात पंतप्रधान काय बोलले ते कोणालाच ऐकू आलं नाही, पण दिसले मात्र अगदी स्वच्छ. पुढे २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि २०१७ च्या ५ सप्टेंबरला ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक ॲप आलं. तेव्हापासून त्या शाळेला टीव्ही, छत्री, जनरेटर यातलं काही लागत नाही. आता फक्त नेट लागतं, आणि तेच लागत नाही.

त्या शाळेत माझी बायको शिकवते. गाव तिला बाई म्हणतं, अधिकारी मॅडम म्हणतात. मीही इथे बाईच म्हणतो. घरात काय म्हणतो हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शाळा डिजिटल कशी झाली तेही सांगायला हवं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा म्हणून एक पाडा आहे. तिथली शाळा डिजिटल झाल्याची बातमी राज्यभर पोचली आणि प्रत्येक केंद्रप्रमुखाला आपापल्या केंद्रात एक पाष्टेपाडा हवासा झाला. आमच्या गावातही लोकवर्गणी निघाली. मुंबईकर मंडळाने प्रोजेक्टर दिला, दूध डेअरीने स्पीकर दिले, यात्रा कमिटीने पडदा दिला. देणाऱ्याचं नाव प्रत्येक वस्तूवर ऑइल पेंटने रंगवलं गेलं. पडद्यावर ते मधोमध आहे. त्यामुळे समुद्रातला देवमासा असो, रायगडाचा महादरवाजा असो, की पेशीचं केंद्रक असो, सगळ्यावरून ‘कै. आबांच्या स्मरणार्थ’ ही ओळ कायम दिसत राहते. पहिलीच्या मुलांना कै. आबा हा अभ्यासक्रमाचाच भाग वाटतो. उद्घाटनाला गटशिक्षणाधिकारी आले, नारळ फुटला, भाषणात ‘एकविसावं शतक’ बऱ्याचदा आलं. इंटरनेटला मात्र कोणी वर्गणी दिली नाही. देणार कशी? त्याच्यावर नाव कुठे रंगवायचं?

माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. दिसतं त्याला देणगी मिळते. पडदा दिसतो, प्रोजेक्टर दिसतो, त्यांचे फोटो निघतात. त्या दोघांना जोडणारं जे काही हवेतून यायचं असतं, ते आलं नाही तरच दिसतं.

हिशेब तसा अवघड नाही. यूट्यूबच्या सांगण्यानुसार ३६० च्या चित्राला सेकंदाला साधारण ०.७ मेगाबिट, ४८० ला १.१, ७२० ला अडीच आणि १०८० च्या झकास चित्राला ५ मेगाबिट वेग लागतो. तोही सलग, मधूनमधून नव्हे. व्हिडिओ येतो काही सेकंदांच्या तुकड्यांत. एक तुकडा चालू असताना पुढचे दोन-चार आधीच आणून ठेवलेले असतात. वेग कमी पडतोय असं दिसलं, की प्लेअर गुपचूप पुढचे तुकडे हलक्या प्रतीचे मागवतो. ७२० चं ४८०, त्याचं ३६०, मग २४०, मग १४४. तेही येईनासं झालं, की पडद्याच्या मधोमध, कै. आबांच्या ‘स्म’वर, तो गोल फिरायला लागतो आणि चाळीस पोरं एका सुरात ओरडतात, “बाई, गोल फिरतंय!”

१४४ वरचं विज्ञान हा एक स्वतंत्र विषय होऊ शकेल. बेडकाच्या जीवनचक्राचा व्हिडिओ लागला, तेव्हा डिंभक आणि बेडूक सारखेच दिसत होते. बाईंनी विचारलं, काय फरक दिसला? एका मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, “आधीचा ठिपका बारीक होता, नंतरचा जाड झाला.” महाराष्ट्राच्या नकाशात विदर्भ मराठवाड्यात आणि मराठवाडा खानदेशात विरघळला. राज्याच्या एकात्मतेसाठी हे उत्तम असलं, तरी पाचवीच्या भूगोलात मार्क जातात.

नेट आलंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली, आणि आमच्या गावातही तिची पेटी एके दिवशी आली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ती लागली, तिला हार घातला, हळदकुंकू लावलं. हिरवा दिवा लुकलुकला. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. शिपाई हाक मारतो, शाळेला ऐकू येते. पण फायबर पंचायतीपर्यंत आणायची होती, ती तिथे आली आणि थांबली. पुढचं हाकेचं अंतर कोणाच्या खात्यातून जोडायचं, यावर ग्रामसभेत चर्चा चालू आहे. शाळेकडे सादिलचे पैसे असतात. त्यातून खडू, झाडू, हजेरीपत्रक आणि विजेचं बिल भागवून उरलेल्या रकमेत फायबर सोडा, सुतळीसुद्धा एवढी लांब येत नाही.

पंचायतीच्या कट्ट्यावर मात्र वायफायची रेंज उत्तम आहे. संध्याकाळी कट्टा भरतो. तरुण मंडळी माना खाली घालून बसलेली असतात. बाहेरगावचा पाहुणा समजतो की गावात कोणीतरी गेलं. बँडविड्थ म्हणजे काय, हे मला तिथेच समजलं, कारण ते आमच्या गावच्या नळयोजनेसारखंच आहे. टाकी एक, पाइप एक. वरच्या आळीतल्या दोघांनी मोटर लावली, की खालच्या आळीच्या नळाला नुसती हवा. कट्ट्यावर आयपीएल चालू असताना ग्रामसेवकांचा दाखला निघत नाही, तो याच कारणाने. सरपंचांनी वायफायचा पासवर्ड बदलून पाहिला. नवा पासवर्ड दुपारपर्यंत कट्ट्याला माहीत झाला. ग्रामसेवकांना तो कट्ट्यावर विचारावा लागला.

मग बाईंचा व्हिडिओ चालतो कशावर? माझ्यावर. म्हणजे माझ्या घरच्या वायफायवर. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. रात्री जेवणं झाली, की बाई टेबलावर लॅपटॉप, मोबाईल आणि पेन ड्राइव्ह मांडून बसतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणायची कल्पना राबवली, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत हे कोड छापून आले, आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. कोड फारच गुणी आहे. कागद चुरगळला, वर वरणाचा डाग पडला, तरी तो ओळखू येतो. त्याच्यामागचा व्हिडिओ तेवढा शाळेत येत नाही. म्हणून बाई घरी पुस्तकं उघडून एकेक कोड मोबाईलला दाखवतात, धडा उतरवून घेतात, पेन ड्राइव्हवर टाकतात आणि सकाळी एसटीने शाळेत नेतात. माहिती महामार्गावरून म्हणतात ती जाते की नाही मला माहीत नाही. आमच्याकडची सातच्या गाडीने जाते. वेगाचा हिशेब केला तर पर्समधल्या ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हला घेऊन घाटातून दीड तासात पोचणारी लाल गाडी भल्या भल्या ब्रॉडबँडला मागे टाकते. फक्त आगाराने फेरी रद्द केली, की त्या दिवशी विज्ञान बंद.

धडे उतरवून झाले, की पोर्टल. विद्यार्थ्यांची माहिती, पोषण आहाराची माहिती, गणवेशाची, आधारची. दिवसा सगळे शिक्षक एकदम भरायला बसतात म्हणून पोर्टल उघडत नाही. रात्री उघडेल म्हणून सगळे शिक्षक रात्री एकदम भरायला बसतात. मी झोपायला जाताना बाईंच्या चेहऱ्यावर स्क्रीनचा निळा उजेड असतो. “अहो, तुमचा तो सिनेमा बंद करा ना जरा,” असं त्या म्हणाल्या, की मी नायकाला गोळी लागायच्या बेतात असताना सोडून उठतो. शिक्षणासाठी एवढा त्याग आमच्या घराण्यात पूर्वी कोणी केलेला नाही.

पेन ड्राइव्हची विद्या थेट प्रक्षेपणाला मात्र चालत नाही. आजची घटना आजच दाखवायची असते. आणि २३ ऑगस्ट २०२३ ला तर घटनाच अशी होती, की संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा शाळा उघडी ठेवून मुलांना चांद्रयान-३ चं उतरणं दाखवावं, असं वरून आलं होतं. मलाही बोलावणं होतं. खरं सांगायचं तर बोलावणं माझ्या मोबाईलला होतं, त्याच्याबरोबर मी गेलो.

तयारी जय्यत होती. मुलं अंघोळ करून, पावडर लावून आली होती. आया कडेवर धाकटी घेऊन मागे बसल्या होत्या. हॉटस्पॉट द्यायला पाच मोबाईल जमले: बाईंचा, शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींचा, अंगणवाडीच्या ताईंचा, माझा, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचा. मावशींचा लेक मुंबईला असल्यामुळे त्यांचा रिचार्ज सगळ्यांत मोठा होता. त्या सन्मानाने प्रोजेक्टरजवळ बसल्या. ठरलं असं होतं, की एकाच मोबाईलवरून प्रोजेक्टर चालवायचा. पण यान खाली उतरायला लागलं तसा प्रत्येकाला, ‘प्रोजेक्टर अडकला तर आपल्याकडे असावं,’ असा समाजोपयोगी विचार सुचला आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर तेच प्रक्षेपण उघडलं.

इथेच घोळ होतो. टीव्हीचं प्रक्षेपण एकदा सोडलं की सोडलं. दहा जणांनी पाहिलं काय आणि दहा लाखांनी पाहिलं काय, दूरदर्शनला ओझं तेवढंच. नेटवर प्रत्येक पाहणाऱ्याला स्वतंत्र प्रत लागते. म्हणजे चंद्रावर यान एकच उतरत होतं, पण समोरच्या डोंगरावरच्या टॉवरवरून आमच्या शाळेत एकाच वेळी पाच चांद्रयानं उतरवायचा प्रयत्न चालला होता. शिवाय थेट प्रक्षेपण हे खऱ्या घटनेच्या काही सेकंद मागे असतंच, आणि प्रत्येक मोबाईल आपल्या कुवतीप्रमाणे आणखी मागे पडतो. पावणेसहाला ३० किलोमीटर उंचीवरून यान खाली यायला निघालं. थोड्या वेळाने गुरुजींच्या मोबाईलवर ते साडेसात किलोमीटरच्या आसपास आलं होतं, ताईंच्या मोबाईलवर बरंच वर होतं, माझ्या मोबाईलवर गोल फिरत होता, आणि प्रोजेक्टरवर शास्त्रज्ञांचं एक पथक चहाचा कप ओठाशी नेऊन थिजलं होतं. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. तिथला संदेश बंगळुरूजवळच्या ब्यालालूला सव्वा सेकंदात येत होता. पंतप्रधान जोहान्सबर्गहून जोडले गेले होते. फक्त ग्रामपंचायत आणि शाळा यांच्यातला संपर्क तुटलेला होता.

“बाई, गोल फिरतंय!”

बाईंनी मुलांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि फळ्यावरचा डस्टर उचलला. डस्टर म्हणजे यान, टेबल म्हणजे चंद्र. टेबलावर त्यांनी मूठभर खडूची पूड टाकली. “आता हे असंच सोडलं तर?” डस्टर धप्पकन पडला, पूड उडाली, पहिली ओळ शिंकली. “फुटलं!” मुलं ओरडली. मग सावकाश कसं आणायचं? एक मुलगा म्हणाला, पॅराशूट. दुसरीतली एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, “तिथे वारंच नाही ना, मग छत्री फुगणार कशी?” सगळा वर्ग गप्प झाला. मागे बसलेल्या आयाही गप्प झाल्या. मग बाईंनी डस्टरच्या खाली फुगा धरला, हवा सोडली, आणि यान खाली येताना इंजिन खालच्या बाजूला जोर लावून वेग कसा मारतं, मध्येच दीडशे मीटरवर थांबून जागा कशी बघतं, खड्डा दिसला तर बाजूला कसं सरकतं, हे दाखवायला सुरुवात केली. फुगा सुटून पंख्यात गेला, त्यावर हशा झाला, दुसरा फुगा आला. मावशींनी विचारलं, “मग ते परत कसं येणार हो?” बाई म्हणाल्या, ते परत येणार नाही, तिथेच राहणार. यावर मावशींना फार वाईट वाटलं.

एवढ्यात प्रोजेक्टर सुरू झाला आणि शिकवणं बंद पडलं.

पडद्यावर यान अजून वरच होतं. मुलं श्वास रोखून बसली. आणि पंचायतीच्या बाजूने फटाक्यांची माळ वाजली. तिथे टीव्ही होता, त्यावर दूरदर्शन लागलं होतं, तिथलं यान उतरलंही होतं. सहा वाजून चार मिनिटांनी भारत चंद्रावर पोचला. शाळेला ते फटाक्यांवरून कळलं. पोरं बाहेर पळाली, नाचली, ‘भारत माता की जय’ झालं, आणि मग परत येऊन मांडी घालून शेवटची काही मिनिटं निवांत पाहिली. निकाल माहीत असल्यामुळे कोणाला ताण नव्हता. इस्रोच्या त्या प्रक्षेपणाला यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त प्रेक्षक होते म्हणे. त्यात आमचे पाच मोबाईल, फिरत्या गोलांसकट, धरलेले असणार.

टीव्हीची आठवण निघालीच आहे म्हणून सांगतो. आमच्या लहानपणी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ दूरदर्शनवर दिसायची. मुंग्या यायच्या, पण गोल फिरला नाही कधी. गच्चीवर जाऊन ॲन्टेना वळवला की धडा पुढे सरकायचा, आणि वळवणाऱ्याला वर्गात मान असायचा. ‘बालचित्रवाणी’ २०१७ साली बंद झाली, म्हणजे ‘दीक्षा’ आली त्याच वर्षी. मग २०२० साली शाळांना कुलपं लागली, मुलं रेंजसाठी झाडांवर आणि डोंगरांवर चढली, तेव्हा २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली आणि म्हातारा टीव्ही पुन्हा शिकवणीला आला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, नेटवर भार वाढला म्हणून आपल्याकडच्या व्हिडिओ कंपन्यांनी ठरवलं होतं, की मोबाईल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत ४८० च्या वरचं चित्र द्यायचं नाही. शहरातले लोक हळहळले. बाईंनी ती बातमी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “४८०? कुठे मिळतं?”

शहरात तरी काय मोठं सुख आहे! माझी मेहुणी पुण्यात असते. तिच्या मुलाच्या शाळेत प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, असे चाळीस वर्ग. शाळेने शंभर मेगाबिटची लाइन घेतली. चाळीस बोर्डांवर ७२० चा व्हिडिओ लावला तर चाळीस गुणिले अडीच, बरोब्बर शंभर. हिशेब करणाऱ्याचं गणित चोख होतं. फक्त ऑफिसचे कॉम्प्युटर, वर्गावर्गांतले सीसीटीव्ही, शिक्षकांचे मोबाईल आणि परीक्षेच्या दिवशीच अपडेट व्हायचा हट्ट धरणारे लॅपटॉप त्यात धरायचे राहिले. फी भरताना पालकांना बोर्ड दाखवतात, लाइन दाखवत नाहीत. मुंबईकर मंडळ आणि कॉर्पोरेट शाळा यांच्यात हा एक विचार समान आहे. मी त्या मुलाला विचारलं, व्हिडिओ अडकला की तुमच्या मिस काय करतात? तो खूश होऊन म्हणाला, “काका, मिस स्वतः शिकवतात! मग लवकर समजतं.”

आता राहिला अहवाल. कार्यक्रम दाखवला एवढं पुरत नाही, दाखवल्याचं दाखवावं लागतं. मुलं पडदा पाहताहेत असा व्हिडिओ काढून लिंकवर चढवायचा. नेटचा खाली येणारा वेग आणि वर जाणारा वेग वेगवेगळे असतात, आणि वर जाणारा बहुतेक ठिकाणी जास्तच बारीक असतो. मोबाईलवर एका मिनिटाचं चांगलं चित्रीकरण शंभरेक एमबी सहज होतं. म्हणजे जो व्हिडिओ शाळेत येऊ शकला नाही, तो न येताना पाहणाऱ्या मुलांचा व्हिडिओ शाळेतून बाहेर पाठवायचा. अर्थात तोही घरी येऊन, माझ्या सिनेमाच्या जागेवर.

परवा बाई असाच एक अहवाल भरत होत्या. शाळेचा कोड, पटसंख्या, उपस्थिती, मुली किती, मुलं किती, सगळं भरून झालं. शेवटचा प्रश्न होता: ‘कार्यक्रम पाहताना इंटरनेटची अडचण आली का? होय / नाही.’

“होय दाब,” मी म्हटलं. “बरं झालं, कोणीतरी विचारलं.”

त्यांनी ‘होय’ दाबलं. खाली एक नवी चौकट उघडली: ‘अडचणीचा व्हिडिओ जोडा. किमान दोन मिनिटे.’

बाईंनी ‘नाही’ दाबलं. तालुक्यातल्या बाकीच्या शाळांनीही बहुधा तेच केलं असावं, कारण सोमवारी ग्रुपवर अभिनंदनाचा मेसेज आला. आपल्या तालुक्यात एकाही शाळेला इंटरनेटची अडचण नाही, ही समाधानाची बाब असून, पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दोन थेट कार्यक्रम दाखवण्यात यावेत.